अक्रोडाखाली मला कुणी नेत नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना पालागाडा आहे, आणि पहिल्यापासून जळकुकडा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी कुणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटायला नको.

पालागाडा कशाला म्हणतात, तेही सांगतो. अमेरिकेतल्या आमच्या ओहायोत पानगळ सुरू झाली की घराभोवतालच्या गवतावर मेपलचा, ओकचा पाला घोट्यापर्यंत साठतो. तो तसाच राहिला तर खालचं गवत कुजतं. मग गवत कापायच्या गाडीवर माणूस बसतो आणि तिच्या मागे खिळीने मला जोडतो. गाडीच्या पोटाखालून एक जाड नळी माझ्या तोंडात येते. माझं स्वतःचं लहानसं इंजिन आहे. त्याची दोरी ओढली की माझ्या आतलं लोखंडी पातं गरगरा फिरू लागतं, नळीतून पाला ओढून घेतं, त्याचा भुगा करतं आणि मागच्या कापडी पोटात फेकतं. पोट भरलं की मला अंगणाच्या टोकाला नेऊन उलटं करायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

आता यातली खरी बोच बघा. गाडी नसेल तर मी जागचा हलू शकत नाही. गाडीचं मात्र माझ्यावाचून काही अडत नाही. सगळा उन्हाळा ती एकटी अंगणभर हिंडते, उन्हात चमकते, आणि मी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहतो. पानं गळायला लागली की मग सगळ्यांना माझी आठवण येते. महिनाभर काम आणि उरलेलं वर्ष मी अडगळ.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं पातं एका जाड हातांच्या बाईंनी बसवलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "छान झालास." मी फुलून गेलो. मग त्या शेजारच्या गाड्याकडे वळल्या आणि त्यालाही तेच म्हणाल्या. माझा पहिला जळफळाट तिथलाच.

मला विकत घेतलं डेल्बर्ट राउश यांनी. शाळेच्या बस दुरुस्त करणं ही त्यांची नोकरी. माणूस कमी बोलायचा, हात मात्र सतत काहीतरी करत असायचे. हार्लन क्रॉसिंग नावाच्या गावाच्या कडेला त्यांचं पांढरं घर होतं, त्याच्याभोवती एकरभर अंगण आणि मागे शेड. त्या शेडमध्ये त्यांनी मला आणून ठेवलं आणि तिथेच माझी गाठ ट्रुडीशी पडली.

ट्रुडी म्हणजे ती गवत कापायची गाडी. हिरवी, पिवळ्या सीटची. तिला नाव होतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला काय म्हणायचे सांगू? 'ते मागचं'. "आज ट्रुडीला ते मागचं जोडतो," असं डेल्बर्ट घरात सांगायचे. दर शनिवारी ट्रुडीची आंघोळ व्हायची, तिच्या पात्याला धार लागायची, चाकांत हवा भरली जायची. चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तर तिच्या दोन्ही बाजूंना झेंडे लावून डेल्बर्ट तिला गावाच्या मिरवणुकीत न्यायचे. रस्त्याकडेची मुलं तिला हात हलवायची म्हणे. मी शेडच्या फटीतून नुसता बँड ऐकायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ट्रुडीचं एक वेळ समजू शकतो, तिच्यावाचून माझं पान हलत नाही. पण शेडच्या भिंतीवर टांगलेलं एक दाताळं होतं. बांबूच्या दातांचं, डेल्बर्टच्या वडिलांच्या वेळचं. त्याला ना इंजिन, ना चाकं, ना पोट. दिवसभरात ओढून ओढून किती पाला ओढणार ते? तरी त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा. कारण दाताळ्याने ओढला की पाल्याचा ढीग होतो आणि ढिगात मुलांना उड्या मारता येतात. डेल्बर्टची मुलगी जोलीन लहान होती तेव्हा त्या ढिगात शिरून फक्त नाक बाहेर काढायची आणि खिदळायची. मी पाला ओढला की भुगा होतो. भुग्यात कोण उडी मारणार? मी कोपऱ्यात उभा राहून बघायचो, आणि त्या बांबूच्या काटकुळ्याचा मला इतका हेवा वाटायचा की इंजिन बंद असूनही आतून तापल्यासारखं व्हायचं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली. अंगणाच्या पूर्वेला एक प्रचंड काळा अक्रोड उभा आहे. बाकी सगळं अंगण माझं आणि ट्रुडीचं, पण अक्रोडाखाली डेल्बर्टनी मला एकदाही नेलं नाही. झाडाजवळ आलो की ते ट्रुडीला वळवायचे, मला सोडवून ठेवायचे आणि शेडमधून दाताळं आणायचे. मग वाकून, थांबून थांबून, कमरेवर हात ठेवून सगळा भाग हाताने ओढायचे. त्यात त्यांची दुपार जायची. मी तिथे दहा पावलांवर धडधाकट उभा, आणि काम कोण करतंय तर ते दाताळं. मला वाटायचं, यांना माझ्यावर भरवसाच नाही. चांगलं झाड आलं की मी नकोसा होतो.

दुसरा एक रिवाज त्या घरात होता. ट्रुडीच्या सीटवर डेल्बर्टशिवाय कुणी बसायचं नाही. जोलीन दर उन्हाळ्यात विचारायची, "बाबा, मी चालवू?" ते म्हणायचे, "मोठी झालीस की बघू." ती मोठी झाली, शिकली, कोलंबसला नोकरीला लागली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. पण सीटवर काही ती बसली नाही. डेल्बर्टच्या बायकोने, वॉन्डाबाईंनी, तर कधी विचारलंच नाही. अंगण त्याचं आणि स्वयंपाकघर आपलं, अशी त्यांची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. आमच्याकडे घरोघरी असंच चालतं. शेडमध्ये काय आहे ते बायकोला ठाऊक नसतं आणि पीठ कुठल्या डब्यात आहे ते नवऱ्याला.

मग एका मार्चमध्ये डेल्बर्ट दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. शेडचं दार बरेच दिवस उघडलंच नाही. गवत वाढत गेलं. शेवटी मे महिन्यात एका सकाळी दार करकरलं आणि वॉन्डाबाई आत आल्या. डेल्बर्टची टोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि ती कानांपर्यंत आली होती. त्या ट्रुडीकडे बघत उभ्या राहिल्या. मग पाय टाकून सीटवर चढल्या.

शेजारचे मर्ल टिप्टन, वॉन्डाबाईंच्या शाळेतले सोबती, लांबून ओरडले, "अगं, ब्रेक आधी दाब. ब्रेक."

"दाबलाय," वॉन्डाबाई म्हणाल्या. "तू घरात जा बरं. बघत राहिलास की मला जमत नाही."

त्यांना जमलं. पहिल्याच दिवशी फुलांचा एक वाफा गेला, पण जमलं. सगळा उन्हाळा त्या ट्रुडीवर बसून गवत कापत होत्या आणि मर्लना हात करत होत्या. माझ्याकडे एकदाही नजर गेली नाही. आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? मालक गेला त्याचं दुःख मलाही होतं. पण दुःखातसुद्धा ट्रुडीचंच नशीब उजवं निघालं.

ऑक्टोबरात जोलीन आली. मायलेकी मागच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या आणि पानं गळत होती. शेडचं दार उघडं होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, हे तुझ्याच्यानं होणार आहे का?" जोलीन म्हणाली. "बाबा होते तोवर ठीक होतं."

"गवत कापलं ना सगळा उन्हाळा? पालाही काढीन."

"माझ्या ऑफिसातल्या एकीची आई अशीच अंगणात पडली. संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मला रोज रात्री तेच डोळ्यांपुढे येतं. माझ्या घराजवळ चांगले फ्लॅट आहेत, आई. अंगण नाही, पायऱ्या नाहीत, बर्फ काढायची कटकट नाही."

"आणि मी तिथं काय करायचं? खिडकीत बसून तू कधी येतेस त्याची वाट बघायची?"

"मी काय तुझी वैरीण आहे का?"

"नाहीस गं. पण हे माझं घर आहे. तुला कळत नाहीये, असं नाही. तुला कळून घ्यायचं नाहीये."

जोलीनने अंगणभर नजर फिरवली. मग म्हणाली, "बरं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही सगळे येतोय. जेवायला बसेपर्यंत अंगण साफ दिसलं, तर मी घराचं नाव काढणार नाही. नाही दिसलं, तर वसंतात घर विकायचं. आणि मर्लकडून करून घ्यायचं नाही."

"मर्लकडून? तो स्वतःचाच पाला पंपाच्या वाऱ्यानं माझ्याकडे ढकलतो." वॉन्डाबाई म्हणाल्या. "मला कबूल आहे."

मित्रांनो, मी आधी माझाच विचार केला. घर विकलं तर शेडमधलं सामान कुठे जातं ते मी शेजारपाजारी पाहिलेलं होतं. ट्रुडीला कुणीही हसत घेऊन गेलं असतं. दाताळंही भिंतीवर शोभेला लावलं असतं कुणीतरी. मला भंगारवाल्याशिवाय कोण नेणार?

दुसऱ्या दिवशी वॉन्डाबाईंनी माझ्यावरची ताडपत्री ओढली. नळीत उंदराने घरटं केलं होतं. त्यांनी हात घालून ते काढलं आणि लांब झुडपात नेऊन ठेवलं, मग मला झटकलं, पुसलं, मागे पुढे बघितलं. दोरी ओढली. मी खोकलो. पुन्हा ओढली, मी पुन्हा खोकलो. खरं सांगतो, मी मुद्दाम करत नव्हतो. डेल्बर्ट गेल्यापासून पेट्रोल शिळं झालं होतं. वॉन्डाबाई टाकी रिकामी करून, ताजं भरून परत आल्या आणि म्हणाल्या, "आता नखरे बास." मी लागलीच सुरू झालो.

काय दिवस होते ते. कोरडी हवा, कुरकुरीत पाला, पुढे ट्रुडी आणि मागे मी. पहिल्याच पोटभर पाल्यानंतर वॉन्डाबाईंनी मला उलटं करायचं कसं ते न कळून खाली उतरून माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग त्यांना कडी सापडली. भुगा पाहून त्या खूश झाल्या. तो त्यांनी गुलाबांच्या मुळाशी घातला. "हे मागचं कामाचं आहे बरं का," त्या मर्लना म्हणाल्या. कौतुक ऐकून मी एकटाच हरखून गेलो होतो आणि ट्रुडीने ऐकलं की नाही, ते बघत होतो.

पण मग पाऊस लागला. ओला पाला मला चालत नाही, नळीत गच्च बसतो. वॉन्डाबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून आभाळ बघायच्या. पाऊस थांबला, पाला वाळला आणि उरलेलं अंगण आम्ही झपाट्याने उरकलं, तोवर थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस उजाडला. राहिला होता फक्त अक्रोडाखालचा भाग. स्वयंपाकघरात भोपळ्याची गोड पाई ओव्हनमध्ये होती, टर्की धुऊन ठेवली होती आणि जोलीन संध्याकाळी येणार होती.

वॉन्डाबाईंनी सवयीने दाताळं काढलं. डेल्बर्ट असंच करायचे हे त्यांनी खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण थोडा वेळ ओढल्यावर त्यांचा खांदा भरून आला. त्या थांबल्या. दाताळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे.

मी मनात म्हणत होतो, मला न्या. इतकी वर्षं मला डावललं, आज तरी मला न्या. त्या काटकुळ्याला ठेवा बाजूला.

त्यांनी दाताळं झाडाला टेकवलं आणि ट्रुडी सुरू केली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यासारखा खूश मीच. अक्रोडाच्या सावलीत पहिल्यांदा माझी चाकं गेली. दाताळं झाडाला टेकून बघत होतं आणि मी त्याच्यासमोरून ऐटीत चाललो होतो. पिवळी, बारीक पानं सरसर आत येत होती. मला वाटलं, आता या घरात माझ्या बरोबरीचं कुणी नाही.

मग पानांखालून टणक काहीतरी आलं. ठण्ण. दुसरं आलं. मग एकदम पाच-सहा. पात्यावर दगड बसावेत तसे ते आपटले, माझं सगळं अंग हादरलं, आत कडकन काहीतरी मोडलं आणि मी वेडावाकडा थरथरायला लागलो.

मर्ल धावत आले. हातात बटाटा सोलायची सुरी तशीच होती. "बंद कर. आधी बंद कर त्याला."

वॉन्डाबाईंनी बंद केलं. मर्लनी नळी काढली. आत काळ्या पडलेल्या, कुजकट सालींचे अक्रोड अडकले होते. माझं पातं एका बाजूला वाकलं होतं आणि एक तुकडा उडून गेला होता.

"याला अक्रोडाखाली नेलंस होय?" मर्ल म्हणाले.

"नेलं. मग? डेल्बर्ट हा भाग हातानं का ओढत बसायचा, ते मला कधी कळलंच नाही. मला वाटलं त्याची हौस असेल."

"हौस कसली. पानांखाली अक्रोड पडलेले असतात गं. नळीतून आत गेले की पातं गेलंच. मी त्याला म्हणायचो, कशाला पाठ मोडून घेतोस, एखादं पातं गेलं तर गेलं. तर म्हणायचा, पाठ माझी आहे, दुखेल आणि राहील. हा गडी मला जपायचाय."

हा गडी म्हणजे मी. डेल्बर्ट मला तसं म्हणत होते.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मला आधी राग आला. वर्षानुवर्षं मी त्या झाडाकडे बघत जळत राहिलो, दाताळ्याला शिव्या देत राहिलो, आणि तो माणूस माझ्यासाठी पाठ मोडून घेत होता. मर्लना हे ठाऊक होतं. मला आणि वॉन्डाबाईंना नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला मर्लचासुद्धा हेवा वाटला.

मर्ल म्हणाले, "मी माझा पाला उडवायचा पंप आणतो. तासाभरात उडवून टाकू. जोलीनला कशाला कळतंय?"

"मला कळेल," वॉन्डाबाई म्हणाल्या. "तू जा, तुझे बटाटे काळे पडतील."

मर्ल गेले. वॉन्डाबाईंनी मला तिथेच राहू दिलं आणि दाताळं उचललं. थोडं ओढायचं, मग खाली बसून पानांतून अक्रोड वेचून बादलीत टाकायचे, मग पुन्हा उठायचं. साली फुटून त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले. उन्हं कलायला लागली तरी अर्धंअधिक राहिलंच होतं, आणि उद्याची सगळी सकाळ स्वयंपाकात जाणार होती. आता घर जाणार हे मला दिसत होतं, आणि ते माझ्यापायी जाणार हेही दिसत होतं.

तेवढ्यात खडीवर गाडी वाजली. जोलीन लवकर निघाली होती. मुली घरात पळाल्या, नवरा सामान काढायला लागला आणि जोलीन सरळ मागच्या अंगणात आली. तिने आधी आईला बघितलं, मग मला, मग राहिलेल्या पाल्याला.

"आई, हे हात कसले?"

"अक्रोडाचा रंग. धुऊन जात नाही, आपोआप उतरतो."

"आणि यंत्राला काय झालं?"

"मी मोडलं. इथं खाली नेलं होतं."

जोलीन जवळ आली. तिचा आवाज एकदम हळू झाला. "पण बाबा इथं कधीच नेत नव्हते. आयुष्यभर बघितलंस तू. एवढं साधं तू विसरलीस, आई?"

'विसरलीस' हा शब्द तिने फार जपून उच्चारला. तिला काय भीती वाटत होती ते मलाही कळलं. पाला राहिला होता त्यापेक्षा हे वाईट होतं.

वॉन्डाबाईंनी दाताळं खाली टेकवलं.

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो नेत नाही हे मी बघत होते, का नेत नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आज पातं मोडल्यावर मर्लकडून कळलं. तुला वाटतंय मी म्हातारी झाले म्हणून चुकले. मी पहिल्यांदा केलं म्हणून चुकले. तू पहिल्यांदा केक केलास तेव्हा साखरेच्या जागी मीठ घातलं होतंस. तुझं घर विकायला निघालं होतं का कुणी?"

जोलीनने तोंडावर हात ठेवला होता, आणि ती हसतेय की रडतेय ते मला इंजिनाच्या बाजूने नीट दिसत नव्हतं. मग ती ट्रुडीजवळ गेली आणि सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"मला बाबांनी कधी हिच्यावर बसू दिलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी मुलगा असते तर दिलं असतं. लहानपणी मला ही गाडी बघवायची नाही. सगळा शनिवार बाबा हिच्यापाशीच."

म्हणजे ट्रुडीवर जळणारा मी एकटा नव्हतो, मित्रांनो.

"अगं, रॉलिनकाकाच्या पायाची बोटं अशाच गाडीखाली गेली," वॉन्डाबाई म्हणाल्या. "दोघं भाऊ लहान होते. गाडी डेल्बर्ट चालवत होता. त्यानंतर त्यानं कुणालाच जवळ येऊ दिलं नाही."

"काकाची बोटं? मला तर काका म्हणायचा, युद्धात गेली."

"रॉलिन सगळ्यांना तेच सांगायचा. डेल्बर्टला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि तू मला हे आज सांगतेस?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," वॉन्डाबाई म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्या खाली बघून बादलीतले अक्रोड उगाच हलवत राहिल्या.

जोलीनने अंगातला चांगला कोट काढला आणि फांदीवर टांगला. आईच्या हातातून दाताळं घेतलं. "तू वेच. मी ओढते."

"शर्त काय ठरली होती?"

"मी मर्लचं नाव घेतलं होतं. माझं नाही."

दोघी अंधार पडायच्या आत कामाला भिडल्या. मुली आल्या, त्यांनी ढीग बघितला आणि उड्या मारल्या. अक्रोड खडीवर पसरून त्यावरून मोटार फिरवायची, म्हणजे साली निघतात, हे जोलीनच्या नवऱ्याने पहिल्यांदाच ऐकलं आणि त्याने तीच फेरी चार वेळा मारली. सगळे हसत होते. मी वाकलेलं पातं घेऊन बाजूला उभा होतो आणि दाताळं त्या सगळ्यांच्या मधोमध होतं. मला वाटलं होतं, खरं कारण कळल्यावर माझा हेवा निघून जाईल. तसं काही होत नाही. फक्त मी आता त्याच्यावर चिडत नव्हतो.

शेवटी सगळं साफ झालं आणि फक्त मला शेडमध्ये न्यायचं राहिलं. वॉन्डाबाई सीटकडे निघाल्या, मग थांबल्या आणि म्हणाल्या, "जो, बस तू."

जोलीन बसली. वॉन्डाबाई शेजारून चालत होत्या आणि सांगत होत्या, "आधी ब्रेक. आता हा दांडा हळू पुढे. पातं बंद आहे ना ते बघायचं, आणि खाली कुणाचे पाय आहेत का ते बघायचं. कशासाठी ते आता तुला ठाऊक आहे." शेडपर्यंतचा रस्ता काही फार नाही, पण आम्हाला बराच वेळ लागला. दारात पोहोचल्यावर जोलीन लगेच उतरली नाही.

"घर राहू दे," ती म्हणाली. "पण रोज रात्री मला फोन करायचा."

"करीन. आणि तू उचलायचा."

त्यानंतर वसंतात घर विकलं गेलं नाही. वॉन्डाबाईंनी नवं पातं मागवलं आणि ते मला बसवलं. जोलीन त्या दिवशी बॅटरी धरून बसली होती आणि एकेक स्क्रू कशासाठी ते विचारत होती. मी आता बराच जुना झालोय. माझं कापड दोन ठिकाणी शिवलंय, नळीला चिकटपट्टी आहे. दर वर्षी काम संपलं की त्या माझं पोट रिकामं करतात, वाळवतात, टाकीतलं पेट्रोल काढतात आणि मगच ताडपत्री टाकतात. तुमच्या घरी यंत्र असेल तर तेही असंच सांभाळा, ओलं ठेवू नका. अक्रोडाजवळ आलो की वॉन्डाबाई ट्रुडी थांबवतात, मागे वळून माझ्याकडे बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "तू इथंच थांब, पानांत अक्रोड आहेत." मर्लना वाटतं, म्हातारी यंत्राशी बोलायला लागली.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी एखाद्या ठिकाणी जाऊ देत नसेल, एखाद्या गोष्टीला हात लावू देत नसेल, आणि तुम्ही मनातल्या मनात दुसऱ्या कुणावर तरी जळत असाल. आधी विचारा. आणि उद्या तुम्ही कुणाला जपाल, तर कशासाठी जपता ते त्याला सांगून टाका. डेल्बर्टनी माझ्यासाठी पाठ मोडून घेतली आणि मी सगळी वर्षं त्यांच्यावर रुसून राहिलो. आता रुसवा गेलाय, पण तो गेला हे ज्यांना सांगायचं ते नाहीत.